काचेआडचा कारकून

न्यूयॉर्क शहरांतील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय एका दिवसांत पाहूं म्हणणें व्यर्थ होय. ईजिप्तमधून आणलेल्या देवळापासून आरंभ करणारा प्रवासी आधुनिक चित्रांपर्यंत पोंचतो तोंच त्याचे पाय बोलूं लागतात. आम्ही दोनच चित्रें मनाशीं धरून गेलों होतों. विषय दोहोंचा एकच, कचेरी.

पहिलें एडवर्ड हॉपर याचें, १९५३ सालचें. गांव लहान, कचेरी मात्र उंचावर. कोपऱ्यावरच्या खोलींत कोट काढून बसलेला एक गृहस्थ भल्या थोरल्या खिडकींतून बाहेर पाहत आहे. ऊन भरपूर, काम कोठें दिसत नाहीं. हॉपर स्वतः कित्येक वर्षें जाहिरातींचीं व मासिकांचीं चित्रें काढून पोट भरीत असे, आणि त्या कामाचा त्यास मनस्वी तिटकारा होता.

दुसरें जॉर्ज टूकर याचें ‘सरकारी खातें’, १९५६ सालचें. उंची जेमतेम २० इंच, रुंदी ३०. अंड्याच्या बलकांत रंग कालवून चितारण्याची ही जुनी रीत (सोवळ्यांतील वाचकांनीं क्षमा करावी!). ब्रुकलिन भागांतील घराच्या दुरुस्तीचा परवाना मिळवितांना टूकरला जो मनस्ताप झाला, त्यांतून हें चित्र निघालें. लोक पाठमोरे तिष्ठत उभे आहेत, आणि नीट पाहतां तींच तींच माणसें पुन्हां पुन्हां काढलेलीं दिसतात. पुढें दुधी काचा. काचांना गोल भोंकें. भोंकांतून कारकुनांचे डोळे व नाक, तेवढेंच.

ज्यानें असा ताप सोसला त्यानें काचेपलीकडे राक्षस बसविले असते तरी आम्हांस नवल वाटलें नसतें. पण ते डोळे क्रूर नाहींत, थकलेले आहेत. रांगेंतला मनुष्य काम झालें कीं सुटतो. याला उद्यां पुन्हां त्याच भोंकापाशीं बसावयाचें आहे.

आमच्या घरच्या तीन पिढ्या कचेरीच्या पगारावर वाढल्या. पुण्यामुंबईच्या अशा घरांतून सायंकाळीं ‘आज उशीर झाला?’ असें विचारून चहा पुढें ठेवितात. ‘आज कोणाशीं बोलणें झालें?’ असें कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

हॉपरच्या गृहस्थाला उन्हाची सोबत तरी आहे. टूकरचे कारकून एकाशेजारीं एक बसले आहेत. पण त्यांना परस्परांचें तोंड दिसतें कीं नाहीं, हें चित्रकारानें काचेआडच ठेविलें आहे.