कलमाखालची फूट

झाडाची छाटणी एका दिवसात उरकते. पण छाटलेल्या झाडावर लक्ष ठेवण्याचे काम वर्षभर पुरते. नवख्याला पहिले काम मोठे वाटते, कारण त्यात करवत असते, कात्री असते आणि पायाशी पडलेल्या फांद्यांचा ढीग असतो. जाणता बागाईतदार दुसऱ्या कामाला अधिक मान देतो. सेवानिवृत्तीनंतर अमरावती जिल्ह्यातील वरूड भागात एका आप्ताच्या संत्र्याच्या बागेत माझे वारंवार जाणे होऊ लागले, आणि या दुसऱ्या कामाची थोरवी मला तेथे उमगली.

बहार उतरला की संत्र्याच्या झाडावरील वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढून टाकतात. मोठ्या जखमांवर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी या प्रमाणात केलेला बोर्डो मलम लावतात. त्यानंतर काही आठवड्यांतच खोडावर आणि जाड फांद्यांवर हिरवे कोंब दिसू लागतात. त्यांतील काही सोट्यासारखे सरळ आकाशाकडे धावतात. त्यांची पाने मोठी, काटे लांब आणि अंग रसरशीत असते. पाहणाऱ्याला वाटते, झाड आनंदाने बहरून आले! परंतु या पानसोटांवर लवकर फूल येत नाही, फळही धरत नाही. फळांच्या वाट्याचे अन्नपाणी मात्र ते शोषून घेतात.

असे का व्हावे? फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते खाली वाहत जाते. त्याच्या धाकाने खालचे डोळे निद्रिस्त राहतात. 1933 च्या सुमारास केनेथ थिमन व फोल्के स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंडा खुडलेल्या रोपांवर हे द्रव्य लावून ही गोष्ट दाखवून दिली. शेंडा गेला की धाक सरतो आणि झोपलेले डोळे जागे होतात. त्यात मुळे पूर्वीइतकीच असतात आणि त्यांनी पाठविलेले पाणी घेणाऱ्या फांद्या कमी झालेल्या असतात. म्हणून घाव जितका मोठा, तितकी ही फूटही जोमदार!

संत्र्याच्या बाबतीत याहून मोठा धोका खाली, बुंध्याशी असतो. जंभेरीच्या रोपावर जमिनीपासून वीतभर उंचीवर संत्र्याचा डोळा बांधून कलम तयार करतात. मुळे जंभेरीची, फळ संत्र्याचे. पण जंभेरी आपला स्वभाव विसरलेली नसते. संधी मिळताच ती कलमाच्या जोडाखालून फुटते.

त्या शिवारात एक बाग काही वर्षे निगेवाचून पडून होती. तिच्या कडेच्या एका झाडाला एके वर्षी खरबरीत सालीची, जिभेला झोंबणारी आंबट फळे लागली. कोणी म्हणाले, जमीन बिघडली. कोणी म्हणाले, रोपच खोटे निघाले. शेजारचे एक वृद्ध बागाईतदार मला तेथे घेऊन गेले. त्यांनी खाली वाकून गवत बाजूला सारले. मध्यभागी संत्र्याचे वाळलेले, बोटाने भुगा होणारे खोड उभे होते, आणि त्याच्या बगलेतून, जोडाखालून, मनगटाएवढी जंभेरी वर गेली होती. तिचे एक पान चुरगाळून त्यांनी माझ्या हाती दिले. त्याला लिंबाचा वास होता. ते म्हणाले, “गुरुजी, झाड नाही फिरलं. पाळणाऱ्याची नजर फिरली.”

अशी फूट काढण्याची रीत त्यांनीच मला दाखविली. कोंब कोवळा, लालसर असतानाच अंगठ्याने मुळासकट मोडावा. उशिरा कात्रीने छाटून खुंटी ठेवली, तर तिच्या बुडाशी असलेल्या डोळ्यांतून एकाचे अनेक कोंब होतात. जाड झालेली फूट धारदार चाकूने खोडालगत काढावी. मात्र वरची सगळीच फूट ओरबाडू नये. जेथे जुनी फांदी मेली आहे, तेथे एखादा कोंब राखून त्याचा शेंडा खुडला, तर त्याची चांगली फांदी होते आणि वैशाखाच्या उन्हात खोडाला सावली मिळते. जोडाखालच्या फुटीला मात्र क्षमा नाही.

ही रीत पाहताना मला राहून राहून शाळा आठवे. मुलाचा एखादा दोष दिसला की एकच जबर शिक्षा करून तो संपविता येईल, असे पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते. घाव बसतो, मूल काही दिवस गप्प राहते आणि मग हट्ट, अबोला, लपवाछपवी असे चार नवे कोंब फुटतात. रोजच्या रोज, दोष कोवळा असताना, हलक्या हाताने केलेली दुरुस्ती अधिक टिकते. त्यातही राखण्याजोगा कोंब कोणता, हे ओळखावे लागते. आज वर्गात अखंड प्रश्न विचारून भंडावणारा मुलगा उद्याचा संशोधकही असू शकतो.

आणि जंभेरीचा तरी राग का धरावा? तिच्याच मुळांनी सारे झाड तोलून धरलेले असते. माणसातील हट्ट, ईर्ष्या, अभिमान यांचेही तसेच आहे. ते मुळाशी राहिले तर बळ देतात. त्यांना स्वतःची पाने फुटली, की वरचे गोड कलम हळूहळू वाळू लागते. संत्र्याचे झाड वर्षानुवर्षे गोड राहते, कारण दर बहाराला कोणीतरी वाकून त्याचा बुंधा पाहत असते.