उठण्याची पाळी

कबड्डीच्या सामन्यात प्रेक्षकांचे डोळे चढाई करणाऱ्यावर खिळलेले असतात. तो बाद झाला की ते पंचांकडे वळतात आणि मग डोळ्यांबरोबर तोंडेही चालू लागतात. मैदानाच्या कडेला कागद-पेन घेऊन बसलेल्या माणसाकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. डहाणू-तलासरीकडच्या शालेय सामन्यांत गेली तीन वर्षे तो माणूस मी आहे.

बास्केटबॉलला खांब लागतात, जाळी लागते. कबड्डीला फक्कीच्या रेघा पुरतात, म्हणून आमच्या शाळा-आश्रमशाळांत हाच खेळ राजा. एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक असा लवाजमा लागतो. निर्णय पंचांचा, लेखणी आमची. पंचांनी हाताने गुण दाखवला की आकड्यावर काट मारायची, त्याआधी नाही. मागून शंभर पोरे "बोनस! बोनस!" म्हणून ओरडत असली तरी पेन हलवायचे नाही. शंका आलीच, तर खेळ थांबताच सरपंचांच्या कानावर घालायची. मध्यंतराला आणि शेवटी गुण जाहीर करायचे, तेही त्यांच्या परवानगीने.

सहाय्यकाचे काम त्याहून निमूटपणाचे. कोण कोणत्या क्रमाने बाद झाले, एवढेच तो लिहितो. प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होतो, पण कोणता? जो आधी बाद झाला, तो. बोनसच्या गुणाने मात्र कोणी उठत नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, पण खेळाडूंची संख्या तीच राहते आणि बसलेल्यांचा क्रमही तोच. आमच्या भागात एका संघात तिघी-चौघी एकाच आडनावाच्या निघतात, म्हणून मी नावाऐवजी छातीवरचा क्रमांक लिहितो.

गेल्या वर्षी मुलींच्या अंतिम सामन्यात मी सहाय्यक होतो. जिंकणारा संघ जिल्ह्याला जाणार होता. माझ्या बाजूला नेमकी माझीच जुनी शाळा आली. तिची सर्वांत चपळ चढाईपटू म्हणजे माझी चुलत बहीण. शेवटची दोन मिनिटे उरली होती आणि शाळा एका गुणाने मागे होती. तिघी बाद होऊन बसल्या होत्या. पहिली एक अबोल, किरकोळ मुलगी; दुसरी माझी बहीण. तेवढ्यात समोरची एक गडी पकडीत सापडली, गुण बरोबरीत आले आणि बहीण ताडकन उठून आत पळाली. शाळेचे गुरुजी टाळ्या वाजवत होते. ती अबोल मुलगी जागेवरच बसून राहिली. तिने मान खाली घातली होती.

पंचांचे लक्ष मध्यरेषेकडे होते. कागद फक्त माझ्यापुढे होता. मी हात वर केला आणि क्रम सांगितला. पंचांनी सरपंचांकडे पाहिले, सरपंचांनी माझा कागद पाहिला आणि बहिणीला परत बसवले. ती अबोल मुलगी आत गेली, चढाईला गेली आणि पकडली गेली. सामना एका गुणाने गेला. "हा आपलाच ना रे?" असे मागून कोणी म्हणाले, ते मला ऐकू आले. बहीण दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून मी या नियमाचा विचार करतो आहे. वरवर पाहता तो चांगल्या खेळाडूला अडवतो. पण खरे पाहता तो कोणाला राखतो? ज्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही, त्याला. उठण्याची पाळी कर्तबगारीवर ठरू लागली, तर ती मुलगी सामना संपेपर्यंत बसलेलीच राहील.

आमच्या भागाला चुकीच्या नोंदींचा अनुभव जुना आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको जमीनदाराकडे 'लग्नगडी' म्हणून राबत. वहीत किती लिहिले आणि किती फिटले, ते त्यांना वाचता येत नसे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो काळ सांगितला आहे. त्या वहीशी कबड्डीच्या कागदाची तुलना करणे म्हणजे राईचा पर्वत करणे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे! पण लिहिणाऱ्याने कोणाची बाजू घेऊन लिहावे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

यंदा बहीण पुन्हा संघात आहे. परवा सरावाच्या वेळी ती मला म्हणाली, "दादा, तो क्रम कसा लिहितात, ते मला दाखव." मी तिला कोरा कागद दिला आणि पहिला क्रमांक तिलाच लिहायला सांगितला.