काळ्या रानातली हलकी सायकल

सायकलवेड्याला नवी सायकल दाखवा. रंगाचं नाव काढण्याआधी तो सीटखाली दोन बोटं घालून ती उचलून बघेल. "किती?" "अकरा सातशे." पुढचे सातशे ग्रॅम कुणी गिळत नाही. बारावीचा निकाल लागल्यावर लातूरच्या क्लासपुढं अर्ध्या मार्कावरून जे चालतं, तेच हे; फक्त इथं मार्क कमी पडले की आनंद.

डोंगरातल्या सायकलीचं हे वेड पायरीपायरीनं चढतं. आधी स्टँड, मडगार्ड आणि कॅरिअर जातात. मग हँडल आणि सीटपोस्ट कार्बनचे होतात, चाकातली ट्यूब निघते. शेवटी माणूस बोल्टवर येतो. त्याच मापाचा टायटॅनियमचा बोल्ट पोलादी बोल्टपेक्षा सुमारे चाळीस टक्के हलका भरतो. घरात मात्र "एवढ्या पैशात फटफटी आली असती की!" हे ऐकून घ्यावं लागतं, आणि त्याला उत्तर नसतं.

वेड जुनं आहे. १९७२ साली सायकलपटू एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, त्या सायकलीचं वजन जेमतेम पावणेसहा किलो. ती घडवणाऱ्या एर्नेस्तो कोल्नागोनं तिच्या चेनलासुद्धा भोकं पाडली होती. पुढं २००० साली रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलला ६.८ किलोची किमान मर्यादाच घालावी लागली.

वाचतं किती? ७० किलोचा माणूस, १२ किलोची सायकल आणि हिशेबापुरता ३०० मीटर उंचीचा घाट घेऊ. पायांत सलग दीडशे वॉट असतील तर नुसतं हे ओझं वर न्यायला सुमारे २७ मिनिटं लागतात. सायकल किलोभरानं हलकी केली की वीस सेकंद सुटतात. माहूरला घाटाच्या वळणावर घोटभर पाणी प्यायला थांबलं तरी त्याहून जास्त वेळ जातो. तरी मी या मंडळींना हसत नाही. हलकी सायकल वळवायला, दगडावरून उडवायला गोड असते, आणि ते सुख घड्याळात मावत नाही.

अडचण मुलखाची आहे. लातूर-नांदेडकडची जमीन बेसॉल्टची. तो झिजून झालेली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि धरलेलं सोडत नाही. मृगाची एक सर पडून गेलेल्या पांदणीत सायकल घालून बघा. आधी टायरच्या गुट्ट्या भरतात, मग मातीवर माती चढते, तिच्यात सोयाबीनचं भुसकट मळलं जातं. शंभरेक पावलांत फोर्कच्या कमानीत चाक गच्च बसतं. आता ढकलणंही संपलं, सायकल खांद्यावर. बांधावर बसून काडीनं खरवडताना जी ढेकळं पडतात, त्यांतलं एखादंच वर्षभर वाचवलेल्या ग्रॅमांना पुरून उरतं. रुंद टायर तर जास्तच माती उचलतो. शेतातून येणारा म्हातारा थांबून विचारतो, "गाडी बसली का मालक?"

चिखल वाळला की सराटे, आणि बारमाही वेडी बाभूळ. पातळ टायर म्हणजे त्यांना आमंत्रणच. ट्यूब काढून चाकात सीलंट ओतलं तर बारीक भोकं आपोआप बुजतात खरी, पण उन्हानं ते लवकर वाळतं. पुन्हा ओता, पुन्हा वजन वाढवा.

आणि पाणी. लिटरला किलो, ते हलकं करायची युक्ती कुठल्याच कारखान्याला सापडलेली नाही. ज्या गावात ही मंडळी वजनकाटे लावून बसतात त्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. मग पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, २५ लाख लिटरची, म्हणजे २,५०० टनांची. गावातल्या टँकरपासून घरापर्यंतची खेप मात्र पुष्कळांनी वीसेक किलोच्या काळ्या सायकलवरच केली. दोन्ही बाजूंना घागरी, हँडलला कळशी, मालक शेजारून चालत. बारा-पंधरा लिटरच्या चार घागरी म्हणजे पन्नास किलो तरी झाले. त्या सायकलीचं स्वतःचं वजन कुणी केलं असेल असं वाटत नाही.

आजचा गियरवाला मे महिन्यात अहमदपूरहून लोह्याकडं निघतो तेव्हा बाटली अडकवायचा त्याचा कार्बनचा पिंजरा वीसेक ग्रॅमचा असतो आणि आत लिटरची बाटली. पारा बेचाळीसवर, म्हणून तशीच दुसरी बाटली, तिसरी पाठीवर. जाहिरातीतलं वजन पेडलाशिवायचं असतं, हे तो चारचौघांत कबूल करतो. बाटल्यांचं विचारलं की म्हणतो, पाणी काही सायकलीचा भाग नाही.