रणगाड्यांच्या गावातून ताऱ्यांच्या युद्धाकडे

पुण्याहून सुमारे 120 किलोमीटरचे अंतर कापून अहिल्यानगरात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, उतरणाऱ्या प्रवाशाला या शहराची दोन रूपे एकाच दिवशी भेटतात. एक रूप कापड बाजाराचे आणि दाळमंडईचे : गाद्या, तराजू, वह्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेली गिऱ्हाइके. दुसरे रूप भिंगारच्या छावणीचे : सरळ रस्ते, जुने वृक्ष आणि शिस्तीची शांतता. आनंदधामच्या दर्शनाला बाहेरगावाहून आलेली कुटुंबे दुपारनंतर सोलापूर रस्त्याकडे वळतात, तेव्हा त्यांना तिकडे ओढून नेणारी बहुधा मुलेच असतात. निजामशाहीतील फराहबागेच्या परिसरात असलेले रणगाडा संग्रहालय हे त्यांचे आकर्षण.

चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने उभारलेल्या या संग्रहालयाचे उद्‌घाटन फेब्रुवारी 1994 मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झाले. येथे सुमारे 50 जुनी लढाऊ वाहने उघड्या आकाशाखाली उभी आहेत. ब्रिटिशांचे मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपान्यांचे हा-गो आणि ची-हा, जर्मनांची 88 मिलिमीटरची तोफ, 1965 च्या खेमकरणच्या लढाईची आठवण करून देणारा पॅटन, आणि आपला विजयंता. यांत वयाने सर्वांत ज्येष्ठांपैकी एक म्हणजे रोल्स रॉइसची 'सिल्व्हर घोस्ट' चिलखती गाडी. ज्या कंपनीची मोटार संस्थानिकांच्या दारात शोभली, तिच्याच सांगाड्यावर पोलादी कवच आणि फिरता बुरूज चढवून ती रणांगणावर धाडली गेली होती.

मुले मात्र या गाड्यांपुढे उभी राहून खेमकरणचे नाव घेत नाहीत. त्यांच्या तोंडी अंतराळातील युद्धांचे चित्रपट असतात. हा रणगाडा अमुक चित्रपटातील यंत्रासारखा दिसतो, ती तोफ तमुक यानावर होती, असा त्यांचा संवाद चालतो. वडीलधाऱ्यांना हे पोरकट वाटते. वस्तुतः मुलांची नजर अचूक असते, फक्त क्रम उलटा झालेला असतो. रणगाडा चित्रपटासारखा दिसत नाही, चित्रपटच रणगाड्यापासून घडलेला आहे.

1977 साली जॉर्ज ल्यूकस यांचा 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला आणि विज्ञानपटांचा चेहरामोहरा बदलला. त्यातील अवकाशयानांच्या प्रतिकृती बनविणाऱ्या कारागिरांनी बाजारात मिळणारे रणगाड्यांचे आणि विमानांचे प्लॅस्टिकचे खेळसंच विकत घेतले, त्यांचे सुटे भाग वेगळे केले आणि ते यानांच्या पृष्ठभागावर चिकटविले. प्रेक्षकाला जी यंत्रे दूरच्या आकाशगंगेतील वाटतात, त्यांच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांचे तुकडे आहेत. त्यातील पांढऱ्या चिलखतातील सैनिकांच्या हाती असलेली बंदूक मुळात ब्रिटिश बनावटीची स्टर्लिंग आहे. याच स्टर्लिंगची भारतीय आवृत्ती कानपूरच्या कारखान्यात तयार होत असे आणि आपल्या सैन्याच्या व पोलिसांच्या खांद्यावर ती 'कार्बाइन' म्हणून अनेक वर्षे दिसत आली. नायकाच्या जोडीदाराचे पिस्तूल म्हणजे थोडा साज चढविलेले जर्मन माउझर होय.

केवळ वस्तूच नव्हे, तर कथेचा सांगाडाही उसना आहे. चित्रपटातील अवकाशझुंजींचे चित्रण तयार होण्यापूर्वी ल्यूकस यांनी जुन्या युद्धपटांतील हवाई झुंजींचे तुकडे जोडून संकलनाचा कच्चा आराखडा केला होता. शेवटच्या प्रसंगात यान एका अरुंद खंदकातून खाली झेपावते आणि शत्रूच्या प्रचंड तळाच्या एकाच मर्मस्थानावर नेम साधते. या प्रसंगाचे मूळ 1955 च्या 'द डॅम बस्टर्स' या ब्रिटिश चित्रपटात सापडते, आणि त्या चित्रपटाचे मूळ 16 मे 1943 च्या रात्रीत. त्या रात्री 19 लँकेस्टर विमाने पाण्यापासून अवघ्या 60 फुटांवरून उडत जर्मनीतील धरणांवर उसळते बॉम्ब टाकण्यास निघाली होती. या चित्रपटाच्या विशेष दृश्यांचे चित्रण करणारे गिल्बर्ट टेलर हेच पुढे 'स्टार वॉर्स'चे छायालेखक झाले.

जपानचे अकिरा कुरोसावा यांचेही ऋण मोठे आहे. त्यांच्या 1958 च्या 'हिडन फोर्ट्रेस'मध्ये सेनापती आणि राजकन्येची कथा दोन लोभी, भांडखोर शेतकऱ्यांच्या नजरेने उलगडते. ल्यूकस यांनी तीच जागा दोन यंत्रमानवांना दिली. कुरोसावांच्याच 'सेव्हन सामुराई'चा धागा पुढे आपल्या 'शोले'पर्यंत आला, हे भारतीय प्रेक्षकाला ठाऊक आहेच.

संग्रहालयातील त्या रोल्स रॉइसकडे पुन्हा वळावे. पहिल्या महायुद्धात टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने अरबस्तानच्या वाळवंटात अशाच चिलखती गाड्या वापरल्या. त्याच्या जीवनावरील 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा भव्य चित्रपट 1962 साली आला. आपले आय. एस. जोहर त्यात एका अरबाच्या भूमिकेत होते. त्याचे काही चित्रण जॉर्डनमधील वादी रम येथे झाले, आणि 2021 साली आलेल्या 'ड्यून' या विज्ञानपटातील वाळवंटी ग्रहासाठी कॅमेरे पुन्हा त्याच दरीत उभे राहिले. लॉरेन्सच्या चित्रपटात राजपुत्र फैजल झालेले अलेक गिनेस त्यापूर्वी 1957 च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये युद्धकैदी कर्नल होते, आणि 1977 मध्ये तेच 'स्टार वॉर्स'मधील वृद्ध गुरू झाले. जुन्या युद्धपटांचे गांभीर्य नव्या कल्पनारम्य चित्रपटात त्यांच्याबरोबर चालत आले.

या साखळीचा एक दुवा तर थेट नगरच्या मातीत आहे. ब्रिटिश विनोदकार स्पाइक मिलिगन यांचा जन्म 1918 साली याच शहरात एका सैनिकाच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात लढले, इटलीत जखमी झाले आणि त्या धक्क्याने मनाने खचले. पुढे त्यांनी युद्धावर विनोद लिहिला. 1962 साली त्यांनी आणि पीटर सेलर्स यांनी 'क्वाय'च्या चित्रपटाची खिल्ली उडविणारी ध्वनिमुद्रिका काढली. ज्याने तोफेचा आवाज खरोखर ऐकला होता, त्याला पडद्यावरचे शौर्य जसेच्या तसे स्वीकारणे जमले नसावे.

नगरला तोफांचा आवाज नवा नाही. 1549 साली येथेच ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही सुमारे 55 टनांची तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. तिचे तोंड हत्तीला जबड्यात धरणाऱ्या सिंहासारखे घडविलेले आहे. शस्त्राला श्वापदाचे रूप देऊन शत्रूला दरारा घालण्याची ही रीत पुरातन आहे. 1980 च्या 'स्टार वॉर्स'च्या दुसऱ्या भागात बर्फावरून चालत येणारी चार पायांची अजस्र युद्धयंत्रे दिसतात. त्यांची चाल बसविताना कलाकारांनी हत्तीच्या चालीचा अभ्यास केला होता. दख्खनच्या रणांगणावरील गजदळ आठवले, तर हे दृश्य मुळीच परके वाटत नाही.

भुईकोट किल्ल्याच्या खंदकाजवळ आले की चांदबिबीचे स्मरण होते. 1595 च्या अखेरीस मोगलांनी वेढा घातला आणि सुरुंग उडवून तटाला खिंडार पाडले. बुरखा घेतलेली चांदबिबी हाती तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला, असे इतिहासकार सांगतात. कोणत्याही साहसपटाला शोभेल असा हा प्रसंग, आणि चित्रपट तेथेच संपला असता. इतिहास मात्र पुढे चालतो. वऱ्हाड देऊन तह झाला, आणि 1600 साली चांदबिबी स्वकीयांच्याच हातून मारली गेली.

चित्रपट आणि इतिहास यांतील हा फरक व्यापारी माणसाला लवकर उमजतो. ज्या वहीत जमेचीच बाजू लिहिली आहे आणि नावेची बाजू कोरी आहे, ती वही कितीही सुवाच्य असली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. धरणांवरील त्या हल्ल्यातून 19 पैकी 8 विमाने परतली नाहीत, 53 वैमानिक व त्यांचे सोबती मृत्यू पावले, आणि फुटलेल्या पाण्याने खाली राहणाऱ्या 1300 हून अधिक लोकांचा बळी घेतला. त्यांत सक्तीने कामाला जुंपलेल्या परदेशी मजुरांची संख्या मोठी होती. क्वाय नदीवरून जाणाऱ्या रेल्वेच्या बांधकामात हजारो युद्धकैदी मेले, पण त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, ज्यांत मलायातील तमिळ मळेकामगारही होते. चित्रपटात कर्नलची जिद्द दिसते, हे मजूर जवळजवळ दिसत नाहीत. पुढे अवकाशपटात तर शत्रूचा सगळा तळच क्षणात भस्म होतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तेथील सैनिकाचा चेहरा शिरस्त्राणाखाली झाकलेला असल्याने त्याच्यामागे कोणाचे घर असेल, हा विचारच उद्भवत नाही. कथा एका चित्रपटातून दुसऱ्यात जाताना साहस पुढे जाते, मोल मागे राहते.

मुलांना हे चित्रपट दाखवूच नयेत, असा याचा अर्थ नाही. निष्ठा, धैर्य, मैत्री यांचे संस्कारही त्यांतून घडतात. पण चित्रपटानंतर एकदा नगरची वाट धरावी. याच किल्ल्यात ऑगस्ट 1942 पासून पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी कैदेत होते. तेथेच नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलाना आझाद यांच्या पत्नीचे 1943 मध्ये निधन झाले, तेव्हा ते याच भिंतींआड होते, अखेरची भेट झाली नाही. या साहसात ना स्फोट आहे, ना पाठलाग, त्यामुळे पडद्याला ते फारसे मानवत नाही.

संग्रहालयातील जपानी हा-गो रणगाडा शेजारच्या चर्चिलपुढे अगदी लहानसा दिसतो. त्याच्याजवळ आलेली मुले आधी तोफेची लांबी डोळ्यांनी मोजतात, मग हळूच विचारतात, यात माणसे किती बसत होती? तीन, असे उत्तर मिळते. इतक्याशा पत्र्यात, इतक्या उकाड्यात तीन माणसे कशी मावत असतील, याचा विचार करीत ती थोडा वेळ गप्प उभी राहतात. मग एखादे मूल विचारते, ती परत आली का? कोणत्याही युद्धपटाने किंवा अवकाशपटाने न शिकविलेला हा प्रश्न आहे, आणि तो ऐकण्यासाठी छावणीपर्यंतची पायपीट सार्थकी लागते.