मनगटाचं माप

माझ्या हातून आज जी काठी होते, तिच्यातला चांगला भाग मामांचा आहे. गाव त्यांना सुतारमामाच म्हणायचं.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात ते गाडीची चाकं करत. बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी टायरच्या गाड्या घेतल्या आणि चाकांचं काम बसलं. मग मामा औतं दुरुस्त करत, म्हाताऱ्यांना काठ्या करून देत.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तिथलं छोटं रोटरी मशीन मिनिटाला हजारोंनी फेरे घेतं. त्यानं काठीवर चेहरा कोरावा असं मनात आलं, तेव्हा मला लाकडातलं काहीच कळत नव्हतं. मामांनी आधी फांदी हातात दिली. ओली बाभूळ कोरायची नाही. दोन्ही टोकांना शेण लिंपून सावलीत वाळू द्यायची. टोकं आधी वाळली की लाकूड उकलतं.

मग चेहरा. गोल काठीवर समोरून दोन तिरपे उतार घ्यायचे. ते भेटतात ती धार म्हणजे नाक. डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मध्यावर. हे त्यांनी पारावर बसलेल्या माणसांकडे बोट करून दाखवलं. मशीन त्यांनी कधी हातात धरलं नाही, पण नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "दाबतोयस, पोरा." लगेच जळका वास यायचा आणि गालावर काळा डाग उमटलेला असायचा.

अकोले तालुक्याकडे बोहाड्याची मुखवट्यांची सोंगं बघायला मला त्यांनीच धाडलं. मुखवटा रात्री लांबून दिसायला हवा, म्हणून त्याचे नाक-डोळे ठसठशीत. काठीवर मात्र तळहात फिरतो. तेव्हापासून मी चेहरा मुठीच्या चार बोटं खाली कोरतो, आणि मूठ गुळगुळीत ठेवतो.

वडिलांचा डावा पाय अधू झाला, तेव्हा मी मेंढपाळाच्या काठीसारखी उंच काठी करायला घेतली होती. मामा घरी आले. वडिलांना रोजच्या वहाणा घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि मनगटाच्या घडीशी खूण केली. खाली शेंबी बसवली, तिच्यावर रबर. त्या काठीवर वडील पुन्हा मारुतीच्या देवळापर्यंत जाऊ लागले. मामांनी एक पैसा घेतला नाही. हे ऋण मी कशानं फेडणार?

मामा आता नाहीत. त्यांचा वाकस आणि पटाशी माझ्याकडे आहेत. शेवटचा हात मी पटाशीनंच फिरवतो, मग जवसाचं तेल.

कुणाला काठी करून हवी असेल, तर चेहऱ्याचा फोटो मोबाईलवर पाठवला तरी चालेल. पण ती ज्यांच्यासाठी आहे त्यांना एकदा सोबत घेऊन या, रोजच्या वहाणांसकट. माप त्याशिवाय घेता येत नाही.