गाभ्यासकट

नोकरीतली शेवटची बरीच वर्षं मी शाळेत कार्यानुभव शिकवला. मुलांनी आणलेल्या वस्तू पाहून गुण दिले. त्यातल्या काही बाजारातून विकत आणलेल्या आहेत हे दिसत असूनही दिले. स्वतःच्या हातांनी मात्र कधी काही घडवलं नव्हतं. निवृत्तीनंतर पालमला घरी बसून लाकडी चमचे, डाव, चाटू कोरायला घेतले, त्यामागे ही बोच होती.

शिकलो मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून. स्वीडनमध्ये ही कला जुनी आहे. विले सुंडक्विस्ट या तिथल्या कारागिराचं पुस्तक १९९० मध्ये इंग्रजीत आलं आणि चमचे कोरण्याचा छंद देशोदेशी गेला. ती माणसं नुकतंच तोडलेलं ओलं लाकूड घेतात, कुऱ्हाडीने आकार देतात आणि सुरीने कोरून संपवतात. ओलं लाकूड मऊ असतं, सुरी सरसर चालते. मी एवढंच उचललं. ते लाकूड बर्चचं, सरळ रेषांचं, आणि तिथल्या थंड हवेत सावकाश वाळणारं. माझ्यापुढे होता कडुलिंब, महिना एप्रिल, आणि दुपारी पारा चाळिशीच्या वर. हा फरक मला दिसत होता, पण त्यावर मी थांबून विचार केला नाही.

थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. घराच्या मागे खोली वाढवायची म्हणून कडुलिंब तोडला होता. त्याच्या फांद्या मी मागून घेतल्या आणि रुखवतात ठेवायला डाव, चाटू आणि चमच्यांचा पूर्ण संच करायचं ठरवलं. मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या होत्या. उभ्या चिरून त्यांचे दोन भाग करायला हवे होते आणि मधला गाभा काढून टाकायला हवा होता. पण तसं केलं तर डावाच्या वाटीला पुरेशी रुंदी मिळेना. म्हणून मी अख्खी फांदी घेतली, गाभ्यासकट. त्या दुपारी हातात करवत घेऊन मी थोडा वेळ थांबलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं. काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. गल्लीच्या टोकाला सुतारमामांचं घर आहे. चार पावलं चालून विचारता आलं असतं. त्यांना विचारलं तर हे काम माझं एकट्याचं राहणार नाही, असं वाटलं आणि मी करवत चालवली.

पुढची घाई लग्नाच्या तारखेने केली. कोरलेले डाव गच्चीवर उन्हात वाळवले. वाळताना बारीक रेघा पडल्या, त्या लाकडाच्या भुशात गोंद कालवून बुजवल्या. वर चकाकी यावी म्हणून रंगाच्या दुकानातलं वॉर्निश दोनदा दिलं. मांडवात रुखवत पाहणाऱ्या बायकांनी नावाजलं. मी तिथे उभा राहून ते ऐकत होतो.

दिवाळीला पुतणी माहेरी आली. तिने काही सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. सासरी पहिल्यांदाच पिठलं केलं तेव्हा तिने मोठ्या कौतुकाने माझाच चाटू घेतला. गरम पिठल्यात वॉर्निशचे पापुद्रे सुटले. वास आला. घरची सगळी जेवायला बसलेली. पिठलं टाकून द्यावं लागलं आणि तिला दुसरी भाजी टाकावी लागली. त्यावरून पुढे बरेच दिवस तिला बोलणी खावी लागली. डाव तर महिनाभरातच वाटीपासून दांडीपर्यंत उकलले होते. नव्या घरात नव्या सुनेची पहिली परीक्षा माझ्या हौसेमुळे बिघडली. माझ्या चुकीची किंमत तिने भरली, ही गोष्ट अजून जात नाही मनातून.

त्यानंतर मी सुतारमामांकडे गेलो. उकललेला डाव त्यांनी उन्हाकडे धरून पाहिला.

"गुरुजी, गाभा आत ठेवल्यावर ते फुटणारच. त्याला दुसरी वाट कुठंय?"

लाकडाच्या पेशींच्या पोकळीतलं पाणी निघून जातं तोवर आकार बदलत नाही. पेशींच्या भिंतींतलं पाणी जाऊ लागलं की लाकूड आकसतं, आणि वर्तुळांच्या रेषेत ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या रेषेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. गाभा मध्ये असला की हा ताण कुठेच मोकळा होत नाही, मग भेग पडते. हे मी नंतर वाचलं. मामांना ते पिढ्यांपासून ठाऊक होतं. बलुत्याच्या काळात त्यांचे वडील तिफणी, वखर आणि गाडीची चाकं करायचे. बाभळीचे ओंडके आधी पाण्यात बुडवून ठेवायचे, मग टोकांना शेणमाती लिंपून सावलीत रचायचे. टोकांतून पाणी झपाट्याने उडतं, ते शेणमातीने रोखलं जातं. आता मीही कोरलेला चमचा लाकडाच्याच भुशात पुरून घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतो. वाटीची जाडी सगळीकडे सारखी ठेवतो, नाहीतर पातळ भाग आधी वाळून जाड भागाला ओढतो.

तेलाचीही चूक झाली. वॉर्निश सोडल्यावर घरातलं शेंगदाण्याचं तेल लावलं. ते वाळत नाही. लाकडात मुरून काही आठवड्यांत खवट झालं. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, करडईचंही बऱ्यापैकी वाळतं. ही दोन्ही पिकं आपल्या मराठवाड्याची. करडईचं तेल तर एके काळी इथल्या घराघरांत फोडणीला असायचं. घाण्यावरचं जवसाचं तेल पातळ लावून दोन-तीन आठवडे मोकळ्या हवेत ठेवायचं, एवढं साधं काम. रंगाच्या दुकानातलं जवसाचं तेल मात्र नको, ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं घातलेली असतात.

पुतणीला मी स्वतः भेटून सांगितलं की माहीत नसताना केलं असं नव्हतं, शंका आली होती आणि मी विचारायला गेलो नाही. ती म्हणाली, "काका, मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही किती खपला होता ते मी पाहिलं होतं." तिच्यासाठी बाभळीचा नवा चाटू केला, तिने सांगितल्याप्रमाणे दांडी लांब ठेवून, कारण चुलीवर करताना हात भाजतो.

पण त्या वर्षी मी फक्त तिलाच दिलं नव्हतं. जुने सहकारी, शेजारी, गंगाखेडचे आणि लोह्याचे पाहुणे, सगळ्यांना हौसेने वॉर्निश दिलेले चमचे वाटले होते. आता एकेका घरी जाऊन ते परत मागतो. कुणी शोकेसमध्ये ठेवलेत, ते द्यायला तयार होत नाहीत. मी सांगतो, ठेवा, पण ताटात घेऊ नका. एका घरी म्हातारी त्याच चमच्याने नातवाला वरणभात भरवत होती. तो मी तिथेच मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी जवसाचं तेल लावलेला दुसरा नेऊन दिला. लोह्याकडची काही घरं अजून राहिली आहेत.