साबरमतीकाठची गुजरी

गुजरी हा शब्द आपणां मराठी माणसांस परका नाही. कोल्हापुरास गुजरी म्हटले, की सोन्याचांदीच्या पेढ्या डोळ्यांपुढे येतात. अहमदाबादेची गुजरी मात्र निराळी. जुने ते सोने, या म्हणीवर विश्वास ठेवणाऱ्या गोरगरिबांचा हा बाजार दर रविवारी साबरमतीच्या काठी, एलिस पुलाजवळ भरतो. म्हणून त्यास रविवारी असेही नाव पडले आहे.

१४११ साली सुलतान अहमदशाहाने हे शहर वसविले आणि त्याच्याच काळात ही गुजरी सुरू झाली, असे परंपरा सांगते. पूर्वी ती शुक्रवारी भरत असे. १९५४ पासून ती नदीच्या पात्रालगत बसू लागली. पुढे नदीकाठ बांधून काढण्याचे मोठे काम निघाले, तेव्हा बाजार उठतो की काय, अशी धास्ती विक्रेत्यांस पडली होती. अखेर २०१४ साली त्यांस तेथेच नवी जागा, बसावयास ओटे आणि झाडांची सावली मिळाली. जवळच रायखड भागात गायकवाडांची हवेली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराच्या कारभारात पेशवे व गायकवाड यांचा वाटा होता, याची ती खूण.

आम्ही बडोद्याहून शनिवारीच निघालो. अंतर सुमारे शंभर किलोमीटरांचे; रात्री नातलगांकडे मुक्काम केला. काम एकच होते. आमचा भाचा सुतारकाम शिकून नुकताच बाहेर पडला आहे. त्यास एक चांगला रंधा, दोन-तीन पटाश्या आणि एक करवत हवी होती. नव्या हत्यारांच्या किमती ऐकून त्याच्या वडिलांनी मान हलविली होती. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही नऊच्या सुमारास बाजारात पोचलो.

काय नव्हते तेथे! पितळी घंगाळे, खुर्च्यांचे सुटे पाय, शिवणयंत्रांची चाके, शाळेची पुस्तके, सायकलींच्या साखळ्या; एका बाजूस कोंबड्या व बकऱ्यासुद्धा. परंतु हत्यारांच्या पथाऱ्यांवर गंजलेल्या कानशी आणि मोडक्या मुठीच मिळाल्या. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने सांगितले, “कालच एका मयत सुताराची पेटी आली होती. पहाटे दिव्याच्या उजेडात ती उक्ती विकली गेली.”

ती पेटी आम्हांस पन्नास पावलांवर सापडली. एका तरुण व्यापाऱ्याने तीतील हत्यारे तेल लावून, रांगेने मांडली होती. तेथे लाकडी रंधा होता, शेफील्डचा शिक्का असलेले त्याचे पाते होते. रंध्याचे त्याने नऊशे रुपये सांगितले. म्हाताऱ्यास साऱ्या पेटीचे बाराशे मिळाले होते! आमच्या तोंडून सहज निघून गेले, “अहो भाऊ, ही तर लूट झाली.”

तो रागावला नाही. म्हणाला, “काका, मी तीन वाजता उठलो. पेटीतली निम्मी हत्यारे भंगारात जातील, तो तोटा माझा. उरलेली घासायला दोन माणसे बसवली. आणि हा रंधा तुम्ही नाही घेतला, तर दुपारी हॉटेल सजवणारा येऊन घेऊन जाईल. मोबाइलवर फोटो पाठवून ठेवला आहे.”

त्याचे उत्तर आम्हांस विचारात पाडून गेले. स्वस्तात घेऊन महाग विकणारा सर्वच वाईट, असे कसे म्हणावे? आपल्या दारी येणारी बोहारीण घ्या. जुन्या कपड्यांच्या बदल्यात ती भांडे देते. पुढे ते कपडे निवडले, धुतले, सांधले जातात आणि कोणा मजुराच्या अंगावर चढतात. मधल्या या हातांनीच वस्तूस दुसरा जन्म मिळतो. ते नसते, तर त्या सुताराची पेटी माळ्यावर वाळवीने खाल्ली असती.

पण आता दुसराही ओघ सुरू झाला आहे. रंधा कामकऱ्याच्या हातून निघून भिंतीवरची शोभा होतो. पुन्हा लाकडास लागत नाही. अशा एका वस्तूची किंमत मोबाइलवर पाहून शेजारचा विक्रेताही आपल्या चिरलेल्या रंध्यास तोच भाव सांगतो. परिणामी ज्याच्यासाठी हा बाजार भरला, तोच रिकाम्या हाताने परततो. आमच्या मते फरक नफ्यात नाही. वस्तू शेवटी कोठे पोचते, यात आहे.

आम्ही बोलत असता भाचा खाली बसला होता. त्याने करवत वाकवून सोडली. ती सरळ झाली, तेव्हा बाजूस ठेवली. पटाश्यांची पोलादी धार उजेडात धरून पाहिली, मुठीकडील चीर तपासली. व्यापारी त्याच्या हातांकडे पाहत होता. “काम करतोस वाटते,” असे म्हणून त्याने तीन पटाश्या व करवत चारशेंत दिली. रंध्याचा भाव मात्र एक रुपयानेही उतरविला नाही.

परत येताना बाजाराच्या टोकाशी एका बाईजवळ पाचर हरवलेला रंधा दिसला. व्यापाऱ्यांनी तो नाकारला असावा. पाते जाड, तोंड शाबूत. तिने अडीचशे मागितले. आम्ही घासाघीस करू लागलो, तोच भाच्याने पैसे पुढे केले. “मामा, पाचर मी बाभळीची करीन,” तो म्हणाला. तशी त्याने ती केलीही. त्या रंध्याने पहिली तासली, ती आमच्याच दाराची चौकट.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर वडिलांची वा आजोबांची अशी एखादी पेटी पडली असेल. ती भंगारात घालण्यापूर्वी गावात कोणी मुलगा तो धंदा शिकत आहे काय, एवढी चौकशी अवश्य करावी. पैसे थोडे कमी येतील. पण हत्यार हातात राहील.